आकाशात अधिकारी, गावात काळा

डिसेंबर उजाडला की आंबेडकरी माणसाचे लक्ष ६ तारखेकडे लागते. चैत्यभूमीला जाणाऱ्या गाड्या, पुस्तकांचे गठ्ठे, भोजनदानाची धावपळ. त्याच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबरला, अमेरिकेतल्या एका काळ्या वैमानिकाचा स्मृतिदिन येतो. त्याचे नाव आपल्या सभांत सहसा निघत नाही. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला पाठ आहेत, माल्कम एक्स पाठ आहेत, ब्लॅक पँथरवरून तर आपण आपल्या पँथरचे नाव घेतले. पण सैन्यात शिरून, शत्रूच्या मुलखात मरून, तरीही गावात काळाच राहिलेल्या माणसाची गोष्ट आम्हाला जास्त ओळखीची वाटते. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

जेसी लेरॉय ब्राऊन हे त्या वैमानिकाचे नाव. अमेरिकन नौदलाचे वैमानिक प्रशिक्षण रीतसर पुरे करणारा तो पहिला काळा माणूस. ४ डिसेंबर १९५० रोजी उत्तर कोरियाच्या बर्फाळ डोंगरात त्याचे विमान पडले. वय अवघे चोवीस. २०२२ मध्ये त्याच्यावर ‘डिव्होशन’ नावाचा चित्रपट आला. आपल्याकडच्याही काही तरुणांनी तो पाहिला असेल. गोरा सहकारी काळ्या मित्रासाठी जिवावर उदार होतो, अशी ती कथा आहे आणि ती खरी आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ते सांगण्याआधी हा माणूस कोण होता ते बघू.

जेसीचा जन्म १३ ऑक्टोबर १९२६ चा, मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्ग गावचा. आई शिक्षिका. बाप मिळेल ते काम करणारा. पुढे नोकरी गेली तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करू लागला. घरात वीज नाही, नळ नाही. सहा वर्षांचा असताना बापाने पोराला विमानांच्या कसरती दाखवायला नेले आणि पोराचे वेड तिथेच ठरले. पुढे तो ‘पिट्सबर्ग कुरियर’ हे काळ्यांचे वर्तमानपत्र घरोघर टाकू लागला. बेसी कोलमन या काळ्या वैमानिक बाईची माहिती त्याला याच पत्रातून मिळाली. अमेरिकेत तिला कुणी विमान शिकवेना, म्हणून ती फ्रान्सला जाऊन शिकली होती. चळवळीचे वर्तमानपत्र काय करते, असे विचारणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

१९३७ साली या पोराने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. लष्कराच्या हवाई दलात काळ्यांना वैमानिक का होऊ देत नाहीत, हा अन्याय आहे, असे त्यात होते. व्हाइट हाऊसकडून उत्तर आले, की आपल्या विचारांची कदर आहे. बस्स, एवढेच! आम्ही वकिलीत पडल्यापासून सरकारी उत्तरांचे असे किती कागद हाताळले असतील त्याला गणती नाही. पत्राची दखल घेतली, पुढील कार्यवाही चालू आहे, आपला नम्र. आणि अशा अर्जांचा आपल्या घराण्याला इतिहास आहे. १८९० च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा विलायत सरकारकडे मागणी केली. सुभेदार रामजींच्या पिढीला फौजेने शाळा दिली, पगार दिला, मान वर करायला शिकवले, म्हणूनच ते दार बंद होणे एवढे जिव्हारी लागले होते. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. बंदूक हातात घेण्याची हौस म्हणून माणसे अर्ज करीत नव्हती. देशाच्या संरक्षणात जो नाही तो देशाच्या हिशेबातही नाही, हे त्यांना कळत होते. हॅटिसबर्गच्या त्या पोरालाही कळले होते.

त्याच १९४१ साली अमेरिकेच्या लष्कराने काळ्या वैमानिकांसाठी टस्कीगी येथे शिक्षण सुरू केले. अर्थात वेगळे स्क्वाड्रन, वेगळे भोजनगृह, सगळेच वेगळे. नौदलाने तेही केले नाही. तिथे काळा माणूस जास्त करून स्वयंपाकघरात. काळ्यांतून पहिले तेरा नौदल अधिकारी झाले ते १९४४ मध्ये, आणि त्यांतही वैमानिक एकही नव्हता.

जेसी १९४४ साली शाळा संपवून बाहेर पडला. काळ्यांच्या कॉलेजात जा, असा सल्ला मिळत असताना तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला, कारण त्याचा आदर्श धावपटू जेसी ओवेन्स तिथला. फीसाठी हॅटिसबर्गमध्ये गोऱ्या सोल्जरांच्या दारूच्या अड्ड्यावर शिव्या ऐकत काम करून पैसे साठवले होते. विद्यापीठात दिवसा स्थापत्याचा अभ्यास आणि रात्री रेल्वेच्या मालडब्यांत माल भरण्याचे काम. १९४६ मध्ये त्याने नौदलाच्या राखीव दलात नाव घातले. याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र पाठवून निग्रो समाज संयुक्त राष्ट्रांकडे करीत असलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि निग्रोंच्या व अस्पृश्यांच्या स्थितीत फार साम्य असल्याचे लिहिले होते. डु बॉइस यांचे उत्तरही आले. म्हणजे दोन समाजांतील हे नाते आम्ही आज उगाच जोडतो आहोत, असे कुणी म्हणू नये.

१९४७ मध्ये देशभरात नौदलाच्या विद्यार्थी-अधिकारी योजनेत सुमारे ५,६०० मुले होती. त्यांत काळी किती? चौदा. त्यांपैकी एक जेसी. पुढे ग्लेनव्ह्यू, ऑटम्वा, पेन्साकोला अशी एकेक प्रशिक्षण केंद्रे पार करीत तो गेला. नाउमेद करणारे पावलोपावली भेटले. आपल्याला आवडणारी गोष्ट म्हणजे हात देणारे गोरे शिक्षकही भेटले. प्रशिक्षण संपेपर्यंत लग्नाला बंदी होती. याने हॅटिसबर्गच्या डेझीशी गुपचूप लग्न केले आणि वर्षभर ते लपवले. २१ ऑक्टोबर १९४८ रोजी छातीवर वैमानिकाचे सोनेरी पंख लागले.

ही तारीख वकिलाच्या नजरेने पाहा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा ९९८१ क्रमांकाचा हुकूम काढला २६ जुलै १९४८ रोजी. पंख लागले तिसऱ्या महिन्यात. हुकूम निघाला म्हणून काळा वैमानिक झाला, असे काही जण लिहितात. ते उलटे आहे. हुकूम निघाला तेव्हा जेसी शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होता. माणूस आधी दारात जाऊन उभा राहिला, कागद मागून आला. एप्रिल १९४९ मध्ये तो अधिकारी झाला. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, ‘लाइफ’ साप्ताहिकाने फोटो छापला. आपले कसे चालते? पहिला अमुक, पहिला तमुक झाला की हार घालायचा, फोटो काढायचा. दुसरा, तिसरा, शंभरावा कुठे अडकला हे बघायला कुणाला वेळ नसतो. तिथेही तसेच.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. ब्राऊन यांचे स्क्वाड्रन ‘लेटे’ या विमानवाहू नौकेवर होते. नोव्हेंबरच्या अखेरीस चीनच्या फौजांनी चोसिन जलाशयाभोवती अमेरिकन सैन्याला वेढले. सुमारे तीस हजार माणसे सव्वा लाख चिन्यांच्या वेढ्यात, आणि थंडी अशी की बंदुका गोठाव्यात. वरून त्यांना आधार द्यायचा तो या वैमानिकांनी. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आम्ही बुद्धाला शरण गेलेली माणसे आहोत, युद्धाचे पोवाडे गायला बसलेलो नाही. या विमानांतून नापाम टाकला जात होता आणि त्याखाली कोरियन गावे जळत होती. जेसी ब्राऊन त्या कामात होते. हे झाकून त्यांचे स्मरण करणे आम्हाला जमणार नाही.

४ डिसेंबरला दुपारी सहा कोर्सेअर विमाने नौकेवरून उडाली. ब्राऊन यांच्या जोडीला टॉम हडनर. मॅसॅच्युसेट्सच्या खात्यापित्या घरातला, नौदल अकादमीत शिकलेला गोरा तरुण. हुद्द्याने तो ब्राऊनपेक्षा वरचा. पण विमान चालवण्याचा अनुभव ब्राऊन यांना जास्त, म्हणून जोडीत पुढे ब्राऊन आणि मागून त्यांची पाठ राखायला हडनर. मिसिसिपीत काळा माणूस पुढे आणि गोरा मागे, अशी कल्पना तरी कुणी केली असती का?

बहुधा जमिनीवरून आलेल्या गोळीने ब्राऊन यांच्या विमानाची नळी फुटली. मागून इंधन गळताना दिसते आहे, असे एका सोबत्याने सांगितले. उंची कमी, खाली डोंगर, आणि चिनी फौजांच्या हद्दीत कितीतरी आत. त्यांनी विमान बर्फावर पोटावरच उतरवले. विमान मोडले, पुढच्या भागाने वाकून त्यांचा पाय पकडला. वरून सोबत्यांना वाटले, संपले. तेवढ्यात त्यांनी हात हलवला.

मग हडनर यांनी जे केले ते कुठल्याही नियमात बसत नव्हते. त्यांनी आपले चांगले विमान मुद्दाम शेजारी डोंगरावर आपटून उतरवले आणि बर्फातून धावत गेले. धुमसणाऱ्या इंजिनावर हातांनी बर्फ टाकला. ब्राऊन यांचे हात गोठले होते, त्यांवर आपला गळपट्टा गुंडाळला. ओढून पाहिले, पाय सुटेना. चार्ल्स वॉर्ड हा मरीन दलाचा वैमानिक हेलिकॉप्टर घेऊन आला, कुऱ्हाड आणली. दोघांनी पाऊण तास घाव घातले. पत्र्यावर कुऱ्हाड नुसती उडत होती. अंधार पडू लागला. त्या हेलिकॉप्टरला रात्री उडता येत नव्हते. ब्राऊन शुद्धीवर होते तोवर बोलले ते एवढेच, की डेझीला सांगा माझे तिच्यावर प्रेम आहे. आदल्याच रात्री त्यांनी तिला पत्र लिहिले होते. मुलगी पामेला तेव्हा दोन वर्षांची होती.

प्रेत आणायला माणसे पाठवणे धोक्याचे होते. तीन दिवसांनी त्यांच्याच सोबत्यांनी वरून नापाम टाकून विमान आणि देह यांना अग्नी दिला. ज्या आगीचा आम्ही वर उल्लेख केला, तीच त्यांची चिता झाली.

हडनर यांना कोर्ट मार्शलही होऊ शकले असते. नौकेच्या कप्तानाने शिफारस पदकाची केली. १३ एप्रिल १९५१ रोजी ट्रुमन यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर दिले, ते त्या देशातले सर्वोच्च पदक. डेझी समोर उपस्थित होत्या. ब्राऊन यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाले. वाचवायला गेला त्याला मोठे आणि मेला त्याला लहान पदक, अशी कुरकुर आम्ही करणार नाही. हडनर पुढे आयुष्यभर या कुटुंबाशी जोडलेले राहिले. गावाने त्यांच्या सत्काराला दिलेले पैसे त्यांनी डेझींच्या शिक्षणासाठी दिले. डेझी शिकून शिक्षिका झाल्या. असा माणूस कुठल्याही रंगाचा असो, त्याला आमचा जयभीम.

आमचा आक्षेप आहे तो या कथेवर जो गुलाल उधळला जातो त्याला. त्या डोंगरावर रंग विरघळून गेला, माणूस तेवढा उरला, असे म्हणतात. डोंगरावर विरघळला असेल. हॅटिसबर्गचे काय?

हॅटिसबर्ग ज्या काउंटीत आहे तिचे नाव फॉरेस्ट. नॅथन बेडफर्ड फॉरेस्ट हा गुलामगिरीसाठी लढलेला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅनचा पहिला प्रमुख. त्याच्या नावाने ती काउंटी. मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेत मतदारासाठी पट्टी होती, आणि राज्यघटनेचे एखादे कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, अशी अटही होती. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून! ज्या वर्षी ब्राऊन मेले त्याच वर्षी, २६ जानेवारी १९५० ला, आपल्या देशात बाबासाहेबांची घटना अमलात आली. अनुच्छेद ३२६ ने अक्षरशत्रू माणसालाही मत दिले, कर नाही, परीक्षा नाही. तिकडे देशासाठी मेलेल्या अधिकाऱ्याचे सगेसोयरे मत मागायला गेले असते तर त्यांना घटनेचा अर्थ विचारला गेला असता. फॉरेस्ट काउंटीचा नोंदणी अधिकारी काळ्यांची नावे घेईना, म्हणून केंद्र सरकारला १९६१ मध्ये त्याच्यावर खटला भरावा लागला.

आता क्लाइड केनार्ड यांचे नाव ऐका. तेही हॅटिसबर्गचेच, ब्राऊनपेक्षा एका वर्षाने लहान. तेही सैनिक, पॅराट्रूपर म्हणून कोरियात जाऊन आलेले. फरक एवढाच की ते जिवंत परतले. शिकागो विद्यापीठात शिकत असताना सावत्र बाप आजारी पडला म्हणून १९५५ मध्ये गावी आले, कोंबड्या पाळू लागले आणि उरलेले शिक्षण घराजवळच्या मिसिसिपी सदर्न कॉलेजात पुरे करावे म्हणून त्यांनी अर्ज केला. कॉलेज गोऱ्यांचे. अर्ज फेटाळला. पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. राज्य सरकारने वर्णभेद टिकवण्यासाठी नेमलेल्या आयोगाने त्यांच्यामागे हेर लावले. १९५९ मध्ये ते कॉलेजच्या प्रमुखांना भेटून बाहेर पडले तर पोलीस उभे. बेदरकार गाडी चालवली, गाडीत दारू सापडली. १९६० मध्ये दुसरा खटला: पंचवीस डॉलरचे कोंबड्यांचे खाद्य चोरायला मदत केली. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने दहा मिनिटांत दोषी ठरवले. शिक्षा सात वर्षे सक्तमजुरी! चोरी करणारा म्हणून जो साक्षीदार उभा केला तो मोकळा सुटला. तुरुंगात केनार्ड यांना कर्करोग झाला, उपचाराची हेळसांड झाली, अगदी शेवटी सोडले. ४ जुलै १९६३ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते वारले. त्या साक्षीदाराने नंतर कबूल केले की केनार्ड यांचा काही संबंध नव्हता, आणि मे २००६ मध्ये फॉरेस्ट काउंटीच्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. मेल्यावर त्रेचाळीस वर्षांनी.

याच गावात व्हर्नन डेमर यांनी काळ्यांची मतदार नोंदणी चालवली. ज्यांच्याकडे पट्टी भरायला पैसे नाहीत त्यांची आपण भरू म्हणाले. १० जानेवारी १९६६ रोजी क्लॅनने त्यांचे घर पेटवले, त्यात ते गेले. त्यांचे चार मुलगे त्या वेळी सैन्यात होते. गणवेशात उभे राहून घराची राख बघणाऱ्या त्या चौघांचा फोटो आहे. त्या खुनाचा सूत्रधार सॅम बाउअर्स याला शिक्षा झाली १९९८ मध्ये.

ब्राऊन यांच्या नावाची युद्धनौका १९७३ मध्ये नौदलात दाखल झाली. केनार्ड यांचे नाव त्याच कॉलेजातल्या, आता विद्यापीठ झालेल्या संस्थेच्या, एका इमारतीला १९९३ मध्ये मिळाले. जो रणांगणात पडला तो काही मागत नाही, त्याचा पुतळा सोयीचा असतो. जो परत येऊन प्रवेशाचा अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा राहतो तो गैरसोयीचा. आपल्याकडे फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेल्या आपल्या माणसाला वरातीत घोड्यावर बसू दिले नाही, अशी प्रकरणे कोर्टात येतात. आमच्यासारख्या वकिलांना ती नवीन नाहीत. हुतात्म्याच्या शवपेटीपुढे सलामी देणारे हात आणि जिवंत जवानाला घोड्यावरून उतरवणारे हात एकाच गावचे असतात.

म्हणून जेसी ब्राऊन लहान ठरतात का? मुळीच नाही. त्यांच्या मृत्यूची बातमी वाचून फ्रँक पीटरसन नावाचा कान्सासचा एक काळा तरुण विमानाकडे वळला. १९५२ मध्ये तो मरीन दलाचा पहिला काळा वैमानिक झाला, कोरियात आणि व्हिएतनामात उडाला आणि १९७९ मध्ये त्या दलाचा पहिला काळा जनरल झाला. गंमत अशी की तो टोपेका गावचा. शाळांतला वर्णभेद मोडणारा १९५४ चा गाजलेला खटलाही याच टोपेकाचा, आणि त्या खटल्याचे नावही ब्राऊन. तो ब्राऊन वेगळा. पण कायद्याच्या विद्यार्थ्यांनी दोघांचीही नावे एका वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

ब्राऊन यांची नौका १९९४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या सेवेतून गेली, इजिप्तला दिली गेली आणि तिथे तिला दुसरे नाव मिळाले. हडनर यांच्या नावाची नौका २०१८ मध्ये दाखल झाली. त्याआधी, जुलै २०१३ मध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे हडनर प्योंगयांगला गेले होते. मित्राची हाडे शोधू द्या, एवढीच मागणी होती. उत्तर कोरियाच्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले. पावसाने रस्ते वाहून गेलेत, सप्टेंबरात या, असे सांगितले. २०१४ मध्ये डेझी गेल्या, २०१७ मध्ये हडनर गेले. ब्राऊन अजून त्या डोंगरावरच आहेत.